वाजणारा व्हॉल्व्ह

एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या पेंटबॉल खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या दुकानात म्हातारा व्हर्लिन मघापासून चुळबुळत होता. त्याच्या गॅसवर चालणाऱ्या जुन्या बंदुकीला नवा व्हॉल्व्ह बसवायचा होता. एक उचलायचा, ठेवायचा, मग दुसरा उचलायचा.

"हा घे की बाबा एकदाचा," दुकानवाली मार्लीन वैतागली. "गॅस कमी खातो, आवाजही नाही. झाडीत कुठं दडलायस, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि हा?"

"तो फटाक्यासारखा वाजतो. पहिल्याच गोळीला सापडशील."

व्हर्लिननं वाजणारा तिच्यापुढं सरकवला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मागच्या रविवारी खेळ संपला तशी आमची सगळी टोळी बर्गर खायला निघून गेली," व्हर्लिन म्हणाला. "मी ओंडक्यामागं दबा धरून बसलो होतो, पार अंधार पडेपर्यंत."