गूळ-पाणी

मोरजीत आठवडाभर आमच्या नळांना पाण्याचा थेंब नव्हता आणि हॉटेलांकडे जाणारे टँकर मात्र आमच्याच दारावरून खडखडत जात होते. शेवटी आम्ही बायकांनी रिकाम्या कळशा भर रस्त्यात मांडल्या आणि त्यांच्यामागे बसकण मारली. पाणी येईपर्यंत उठायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

गाड्यांची रांग लागली. पहिल्याच गाडीतून पुण्याचे एक पर्यटक तणतणत उतरले. त्यांचे केस अजून ओले होते.

"पोरं हॉटेलच्या स्विमिंग पूलमधून निघेनात म्हणून आम्हाला आधीच उशीर झालाय. तेरेखोलचा किल्ला बघायचाय अजून. पाहुण्यांना असं रस्त्यात अडवून ठेवतात का गोव्यात?"

'पाहुणे' म्हटल्याबरोबर आमची सुमंगला उठली.

"खंय चललंस गो?" मी ओरडले. ही फितली की काय, असंच वाटलं मला.

ती समोरच्या आपल्या घरात गेली आणि ताटलीत गुळाचा खडा अन् लखलखीत तांब्या घेऊन आली. आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात, बाकीचं बोलणं मग. पाहुणे जरा वरमले. गूळ तोंडात टाकून त्यांनी तांब्या उचलला, तर आत ठणठणाट.

"अहो बाई, यात पाणी कुठाय?"

 

सुमंगला कळशांमागे परत मांडी घालून बसली. "तुमच्या केसांतून ठिबकतंय ना, तेच ते."