दाराजवळचं टेबल

काकूंनी चर्चच्या हॉलमध्ये फरशीवर खडूने टेबलं आखली होती, आणि आता ज्याने त्याने आपापल्या चौकोनात उभं राहून बघायचं होतं. चर्चच्या मदतीसाठी भरणाऱ्या विक्रीआधीची ही दरवर्षीची रीतच. हॉल एवढासा आणि हौस ढीगभर. आधी उभं राहून बघितलं नाही, तर विक्रीच्या दिवशी कोपराला कोपर लागून जॅमच्या बाटल्या फुटायच्या आणि वर रुसवेफुगवे व्हायचे. यंदा चर्चचं छप्पर गळत होतं. विक्री दणक्यात व्हायलाच हवी होती.

काकूंच्या मागोमाग सुतारकाका टेप घेऊन फिरत होते. टेबलं तेच ठोकून देणार होते. शिंपीणबाईंनी आपल्या चौकोनात एक गिरकी घेतली.

"माझ्या मागून पाळकसाहेब जाणार कसे? छप्पर होईल हो नीट, पण त्यांचं पोट काही एवढ्यात आत जायचं नाही."

"आणि हातात चहाची किटली असेल, ती वेगळीच," पाळकबाई म्हणाल्या. सगळे हसले.

हसता हसता पाळकबाईंची नजर दाराकडे गेली. तिथला चौकोन रिकामा होता. दाराशी वारा येतो, क्रीम वितळत नाही, म्हणून ती जागा वर्षानुवर्षं काका-काकूंच्या लेकीच्या केकची. तिच्या केकसाठी लोक दार उघडायच्या आधीपासून उभे असायचे. मग तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि बापाने याच दारात तिला सांगितलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. गेल्या वर्षी तिथे टेबल नव्हतं. विक्रीही बेताचीच झाली.

"हे कुणाचं?" पाळकबाईंनी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"सवयीने काढलं गेलं," काकू म्हणाल्या.

सुतारकाका चौकोनाकडे बघत राहिले. लेकीची आठवण त्यांना यायची. यायची म्हणजे काय, जातच नव्हती. रंधा मारताना, जेवताना, प्रार्थनेला डोळे मिटले की आधी तीच. पण बोललेला शब्द गिळायचा म्हणजे घशात अडकतो, आणि काकांचा ताठा तर सगळ्या मंडळीला ठाऊक होता.

"पुसून टाक," ते म्हणाले.

काकू ओलं फडकं घेऊन आल्या आणि चौकोनाशी बसल्या. पण हात काही चालेना. शिंपीणबाई उगाच पदर नीट करू लागल्या. शेवटी काकांनीच पुढे होऊन फडक्यासाठी हात केला, तेव्हा त्यांना दिसलं. मोठ्या चौकोनामागे, भिंतीला लागून, अजून एक लहानसा चौकोन होता.

"आणि हा कसला?"

काकूंनी फडकं पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळलं.

"पाळणा ठेवायला," त्या हळूच म्हणाल्या. "तान्ही पोर घरी टाकून ती कशी येणार?"

काकांना एक पिवळं टोपडं आठवलं. महिनाभर बायको ते विणत होती. कुणासाठी म्हणून विचारलं, तर विक्रीसाठी म्हणाली. आज विक्रीचं सामान त्यांनीच उचलून आणलं होतं, आणि त्यात टोपडं नव्हतं.

ते गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले. टेप ओढून त्यांनी लहान चौकोनावर धरली, सोडली, पुन्हा धरली. त्यांच्या कारखान्यात कोपऱ्यात एक पाळणा होता. लेक जन्मली तेव्हा त्यांनीच केलेला. हल्ली त्यात लाकडाचे तुकडे पडलेले असत. त्याचं माप घ्यायला त्यांना टेप कधीच लागली नसती.

"एवढ्यात पाळणा मावायचा नाही," ते म्हणाले. खाली घातलेली मान त्यांनी वर केली नाही. "झोक्याला जागा नको का? खडू दे इकडे."