चालवणार कोण?

बशीर मिस्त्रीनं बॉनेटवर स्टिअरिंगचे धक्के शोषणारे दोन डँपर ठेवले, एक जाड, एक बारका. धोंडिबा मरगळे समोर खांदे पाडून बसला होता. धनगरवाड्याचा रस्ता वाहून गेल्यावर त्यानं टेम्पोला मोठाले टायर चढवले, तेव्हापासून स्टिअरिंग सारखं थरथरायचं. दूध खाली न्यायचं, आजारी माणसं दवाखान्यात पोचवायची, रोजच्या दोन खेपा. हल्ली संध्याकाळी त्याच्या बोटांना भाकरीही धरवत नव्हती.

"जाड बसवला तर थरथर पार थांबेल," बशीर म्हणाला, "पण घाटात चाक वळवायला जोर लागेल. बारक्यानं चाक हलकं राहील, थोडी थरथर उरेल. चालवणार कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

धोंडिबाची लेक सारिका मागे उभी होती. लायसन काढून तिला चार महिने झाले होते, पण बापानं अजून चाक हाती दिलं नव्हतं.

जाड डँपर घ्यायला धोंडिबा हात उचलायला गेला, तर तो खांद्यातून वर येईना. त्यानं लेकीच्या मनगटांकडे पाहिलं.

"बारका बसव."

"थरथर राहील हां, मरगळे."

"राहू दे. तिला झेपेल."

दुपारी सारिकानं गाडी घाटाला लावली. पहिल्या वळणाला शेजारी बसलेल्या धोंडिबानं पायाखाली नसलेला ब्रेक दाबला. पुढच्याला "सावकाश गं," एवढंच म्हणाला. त्यानंतरची वळणं त्याला कळलीच नाहीत. वाड्यावर पोचल्यावर सारिकानं त्याला हलवून जागं केलं.