पोलादाला पाणी

भट्टीखान्याच्या दारात काका थांबले. दार तेच होतं, रंग तेवढा नवा. आत आठ जण जाडे एप्रन घालून उभे होते. चार कारखान्यांनी प्रत्येकी दोन माणसं शिकायला पाठवली होती. चौघांकडे यंत्रं नवी होती, ऑर्डरी होत्या, पण तापलेल्या पोलादाला पाणी देऊन ते कणखर करणारा माणूस चौघांत मिळून एकच उरला होता. म्हणून एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे चार मालक एका टेबलाशी बसले आणि ठरवून उठले: सगळ्यात मोठी भट्टी ज्याची, त्याने जागा द्यायची, काका ज्यांच्याकडे कामाला, त्या बाईंनी काका द्यायचे.

"नको वाटलं तर सरळ नाही म्हणा," बाई सकाळी म्हणाल्या होत्या. "त्यांचं काय ते मी बघते."

काका नाही म्हणाले नव्हते. हो असंही म्हणाले नव्हते. डबा घेतला आणि निघाले.

"पाणीवाले काका आले," आतून कोणीतरी म्हणालं. तशी पॅकिंग विभागातून शिकायला आलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका बाईंनी लगबगीने रिकामी बाटली पुढे केली. "बरं झालं बाई. इथला नळ सकाळपासून कोरडा आहे."

सगळे हसले. काकाही हसले. "मी पोलादाला पाणी देतो, ताई. पण आणा, तुमचीही भरतो."

बाटली घेऊन ते वळले, तर शेजारच्या केबिनच्या दारात या भट्टीचे मालक उभे. केस पार पांढरे, हातात काठी. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी काकांना याच भट्टीवरून काढलं, त्यानंतर दोघं आज समोरासमोर आले होते.

"दोन मिनिटं आत येता का?" मालक म्हणाले.

येता का. पूर्वी 'ये रे' होतं.

काका आत गेले, पण बसले नाहीत. मग मालकांनाही बसता येईना.

"तो गिअरचा लॉट," मालकांनी सुरुवात केली. "सगळ्याला तडे गेले होते."

"दोनशे चाळीस गिअर."

"तुम्ही म्हणत होता, पोलादाचा रंग जास्त उजळ आहे, मीटर तापमान कमी दाखवतोय."

"हो."

"मी म्हणालो..."

"माझे डोळे दारूने गेलेत, म्हणालात. सगळ्यांसमोर." काकांचा आवाज चढला नव्हता. "मी सुपारीसुद्धा खात नाही."

मालकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी मीटर तपासून घेतला. साठ डिग्रीचा फरक निघाला."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तपासायला आला होता तो मेकॅनिक माझ्या मेहुण्याचा दोस्त. त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगून गेला."

मालक बघतच राहिले. "मग आला का नाहीत? माझ्या तोंडावर का नाही मारलंत ते?"

"वाट बघत होतो. म्हटलं, आता कळलंय, आता बोलावतील. वर्षभर कुठे पक्की नोकरी धरली नाही. बायको म्हणायची, वेड लागलंय तुम्हाला. मग धाकटीची शाळा सुरू झाली आणि बाईंकडे लागलो."

मालक म्हणाले, "रोज म्हणायचो, उद्या बोलावू. मग लाज वाटायला लागली. मग वाटलं, आता फारच उशीर झाला." घसा खाकरून त्यांनी वर पाहिलं. "चुकलं माझं."

काकांनी मान हलवली. ऐकलं, एवढंच त्या मानेत होतं.

"माणसं खोळंबलीत," ते म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या नळावरून बाटली भरून त्यांनी ताईंच्या हातात दिली, मग खिडक्यांचे पडदे ओढायला लावले आणि दिवे बंद केले.

"लख्ख उजेडात रंग फसवतो," अंधारात त्यांचा आवाज आला. "मीटर आहे, चांगला आहे, रोज बघायचा. पण मीटर आजारी पडला तर ते त्याला स्वतःला कळत नाही. ते तुम्हाला कळलं पाहिजे."

त्यांनी भट्टीचं झाकण वर केलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि मालक आत येऊन रांगेच्या टोकाला उभे राहिले. कुजबुज झाली. काकांनी वळून पाहिलं.

"खुंटीवर एप्रन आहे," ते म्हणाले. "त्याशिवाय इथे कोणी उभं राहायचं नाही."

मालकांनी काठी भिंतीला टेकवली, एप्रन चढवला. मागची गाठ काही त्यांना जमेना. ती ताईंनी बांधून दिली.

आतला पोलादाचा तुकडा काळ्याचा तपकिरी झाला, मग मंद लाल.

"काढा, काढा," ताई म्हणाल्या.

"आत्ता पाण्यात घातला तर मऊचा मऊ राहील. बाहेरून झाला असं वाटतं, आत पोचलेलं नसतं."

लाल रंग सावकाश उजळत होता. तापलेल्या उजेडात रांगेतले नऊ चेहरे एका रंगाचे झाले होते. काकांनी सांडशी उचलली.

"आता?" रांगेच्या टोकाकडून मालकांनी विचारलं.

काकांनी भट्टीवरची नजर काढली नाही.

"अजून नाही," ते म्हणाले. "पण बघत राहा."