जिभेचा कौल

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या पडद्यावर आठवड्याचा बेत उमटला, आणि त्यात पाटवडी रस्सा तीनदा आलेला पाहून सुलभाताई सुनेवर भडकल्या.

"ऋतुजा, हे तूच घातलंस ना? अकरा वर्षं झाली, पण तुझा तो रस्सा एकदाही माझ्या घशाखाली नीट उतरला नाही."

"मी काही घातलं नाही, आई. मी साठवलेल्या पाककृतींतून यंत्रच निवडतं. कोणाला काय आवडतं, ते या नव्या चमच्यांना जिभेवरूनच कळतं."

सुलभाताईंचा विश्वास बसेना. ऋतुजाने पडद्यावर त्यांच्या नावावर बोट ठेवलं. महिनाभरात त्यांनी खाल्लेल्या सगळ्या पदार्थांत आवडीच्या क्रमाने पाटवडी रस्सा पहिला होता. त्यांच्या स्वतःच्या हातची आमटी सतरावी होती.

"बिघडलंय तुझं यंत्र," त्या नजर चुकवत म्हणाल्या.

ऋतुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. 'हिला माहेरी काही शिकवलंच नाही,' असं पाहुण्यांसमोर ऐकवणारी ही बाई मनातून बोटं चाटत होती! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तर ते टोमणे ऐकून ऋतुजाने रडत रडत रश्श्याचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं होतं.

तिने ती पाककृती उघडली आणि कायमची पुसून टाकली.

"अगं, हे काय केलंस?"

"तो रस्सा आता या घरात शिजणार नाही."

"मग मंगळवारी रश्श्याऐवजी काय?"

"तुमची आमटी," ऋतुजा म्हणाली. "आणि चमच्यानेच खा, आई. किती आवडते ते बघू."