पाचव्या खाटेवरची पोटदुखी

"मावशी, तुमचं पोट दुखतंय, डोकं नव्हं," आसिया दबक्या आवाजात म्हणाली. "डोक्यावाली पलीकडच्या खाटेवर हाय."

"आगं, पर माजं खरंच डोस्कं फुटाय लागलंय," भामाबाई म्हणाली.

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आज इथं कुणाचंच काही खरं नव्हतं, तर हिचंच कसं असेल? नर्सिंग कौन्सिलची तपासणी आली, की पलूसजवळच्या या कॉलेजचं एरवी ओस पडलेलं हॉस्पिटल असंच भरायचं. सकाळी मळ्यांतून टेम्पो भरून माणसं यायची. दिवसाची हजेरी आणि वर जेवण. आल्या आल्या प्रत्येकीला एकेक दुखणं वाटून द्यायचं आणि सलाईनची नळी हाताला चिकटपट्टीनं डकवायची. सुई नाहीच. खाटा भरलेल्या दिसल्या तर कॉलेजची मान्यता टिकणार, मान्यता टिकली तर पोरींची परीक्षा होणार, आणि परीक्षा झाली तरच नर्स म्हणून नोंदणी. आसियाची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. घरचे तर आतापासूनच तिला सिस्टर म्हणून हाक मारायला लागले होते.

दिसायला बरं म्हणून तिनं भामाबाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघून ती चरकली. तिनं दुसऱ्या हातावर पुन्हा मोजलं. दोनशे वीसच्या वर.

"हा हात उचला बघू, मावशी."

डावा हात अर्ध्यातूनच खाली पडला.

"बरं, हसा बघू."

भामाबाई हसली. अर्धीच हसली.

वर्गातल्या ब्राह्मीला खाटेजवळ उभं करून, "पाणीसुद्धा पाजू नको" असं बजावून आसिया धावतच प्राचार्य चौगुले मॅडमकडे गेली. मॅडम दारात हार घेऊन उभ्या होत्या.

"मॅडम, पाचव्या खाटेवरच्या बाई खरंच आजारी आहेत. अर्धांगाचा झटका येतोय. आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायला पाहिजे."

"हळू बोल. कौन्सिलच्या बाई जिना चढतायत. तासाभरात जातील, मग बघू. तोवर एकशे वीस-ऐंशी लिही."

"तासाभरात त्यांचा हात जाईल. वाचाही जाईल."

"आणि मान्यता गेली तर? तुझ्याबरोबरच्या चाळीस पोरींना काय तोंड दाखवशील?"

मॅडम दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचाही आवाज कापत होता. आसियानं एकशेआठला फोन लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. कॉलेजची स्वतःची अँब्युलन्स तपासणीसाठी धुऊन-पुसून खाली दारात उभी होती, पण ती चौघांनी ढकलत आणलेली. आसियाला संताप आला. मॅडमचा आला, कॉलेजचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण मघाशी ती चिकटपट्टी तिनंच लावली होती.

कौन्सिलच्या बाई वॉर्डात आल्या. खाटा बघत, मान डोलावत पाचव्या खाटेपाशी थांबल्या.

"काय होतंय, आजी?"

"प्वाट दुकतंय," भामाबाई म्हणाली. सकाळी पढवलेलं तिनं इमानानं सांगितलं. जीभ मात्र जड पडली होती.

"खोटं आहे, मॅडम," आसिया म्हणाली.

चौगुले मॅडमनी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि भामाबाईच्या हातावरची पट्टी ओढून काढली.

"सलाईनही खोटं आहे. शेजारच्यांचंही बघा. पण यांचं बीपी खरं आहे आणि यांचं तोंड वाकडं होतंय तेही खरं आहे. इथं डॉक्टर नाही. अँब्युलन्स चालत नाही. तुमची गाडी खाली आहे, ती द्या."

"तू काय बोलतेयस, कळतंय का तुला?" कौन्सिलच्या बाईंनी विचारलं.

"कळतंय. आधी गाडी द्या. मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. माझ्याबद्दलही लिहा."

बाईंनी एकदा आसियाकडं पाहिलं, एकदा भामाबाईच्या तोंडाकडं. मग ड्रायव्हरला फोन लावला.

"माझी पण परीक्षा हाय की गं," ब्राह्मी रडत पुटपुटली आणि भामाबाईखालच्या चादरीची दोन टोकं तिनं घट्ट धरली. बाकीची दोन आसियानं धरली.

"आसिया, त्या गाडीत बसलीस तर परत इथं येऊ नकोस," जिन्यावरून चौगुले मॅडम म्हणाल्या.

आसिया मागच्या सीटवर बसली. भामाबाईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि दार लावून घेतलं.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं दोनचारच प्रश्न विचारले. दुखणं कधी सुरू झालं, काही खायला-प्यायला दिलं का. आसियानं भराभर सांगितलं. "वेळेत आणलंत," एवढं बोलून तो भामाबाईला आत घेऊन गेला.

टेबलावरच्या सिस्टरनं आसियाच्या पांढऱ्या गणवेशाकडं बघत कागद पुढं ओढला.

"पेशंट आणणाऱ्या सिस्टरचं नाव?"

"आसिया मुल्ला."

"रजिस्ट्रेशन नंबर?"

आसियानं चेहऱ्यावरचा घाम पुसला.

"अजून मिळालेला नाही. ती जागा मोकळी ठेवा," ती म्हणाली. "रेघ मारू नका. मी येणार हाय भरायला."