फुलवाल्यांचा फोटो

आम्ही जावातल्या मलांगच्या बाजारातल्या फुलवाल्या. भिशीची सहल वसंतात कोरियाला न्यायची ठरली, तेव्हा माझा नवरा हसला. "रोज फुलंच विकता, आणि आता विमानात बसून फुलंच बघायला चाललात?"

तिथे रस्ताभर चेरी फुलली होती. आम्ही सगळ्याजणी एकाच कापडाचे हिरवे हिजाब बांधून झाडाखाली दाटीवाटीनं उभ्या राहिलो. तुमिनीबाई आमच्यात थोरल्या. त्यांनी पिशवीतून कापडी फलक काढला, आणि आम्ही तो डोक्यावर उंच धरला: 'फुलबाजार, मलांग. महिला भिशी मंडळ.'

आमची गाइड दिंदा मलांगचीच. फोटो काढता काढता ती वैतागली. "काकू, तेवढा फलक खाली घ्या ना. मागची फुलं सगळी झाकली जातायत. एवढ्या लांब कशासाठी आलात मग?"

आमचे हात जरा खाली आले. तुमिनीबाईंनी मात्र आपलं टोक सोडलं नाही.

"फुलं बघून झाली, पोरी, अगदी डोळे भरून. पण जन्मभर फुलं पुढे मांडून आम्ही मागे बसलो. आज त्यांना राहू दे मागे."